कापलेला फोटो

विंझरच्या एसटी थांब्यासमोर रत्ना ढेबेचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा, एक मशीन, एक संगणक, गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी खुर्ची आणि रत्नाताईची जीभ. बाकीचं काही ना काही अधूनमधून बंद पडतं. जीभ बंद पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की ती "या" म्हणत नाही, "मूळ कुठंय?" म्हणते. म्हणजे मूळ कागद. झेरॉक्सची झेरॉक्स ती काढून देत नाही, आणि झेरॉक्स बघून फॉर्म तर मुळीच भरत नाही. मोबाईलमधला फोटो दाखवला तर मोबाईल परत देते. लोक वैतागतात, "नसरापूरला जातो" म्हणून निघतात आणि तासाभराने मूळ कागद घेऊन गुपचूप परत येतात. कारण तिने भरलेला फॉर्म कधी परत आलेला नाही.

या हट्टामागे एक जिवंत बाई आहे. दुकान टाकल्याच्या पहिल्या वर्षी तिने एका पुसट झेरॉक्सवरून मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरला होता. एकाच कागदावर दोन जावांची आधारकार्डं होती, वरची वारलेली आणि खालची धडधाकट. नंबर घेताना खालचा घेतला गेला आणि बाळाबाई नावाची चांगली चालती-बोलती बाई कागदावर मेली. तिला पुन्हा जिवंत करायला सात महिने लागले. "माज्या हातनं एक बाई मेली व्हती," असं रत्नाताई आजही सांगते, हसत नाही.

माहेर तिचं हिर्डोशीच्या वरचा धनगरवाडा. शाळेला रोज दीड तास खाली उतरायचं आणि संध्याकाळी दीड तास चढायचं. एसटी चुकली तर दुसरी नाही, म्हणून ती मुळात चुकायचीच नाही. बारावीनंतर विंझरला सून म्हणून आली आणि नवऱ्याच्या म्हशी सांभाळता सांभाळता संगणक शिकली. बाई तापट आहे. पाठीमागे मी तिला "ती" म्हणतो, समोर "तुम्ही" म्हणतो. समोर "तू" म्हणायची हिंमत वेल्हे तालुक्यात कुणाची नसावी.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी प्रद्युम्न, राहणार भोर, वेल्ह्यातल्या एका कचेरीत कारकून. रोज मोटारसायकलवरून जातो-येतो. खेड्यातली माणसं मला भाऊसाहेब म्हणतात. ती म्हणतात म्हणून मीही स्वतःला जरा जास्तच भाऊसाहेब समजत होतो. ही गोष्ट फेब्रुवारीतल्या एका सकाळची आहे, आणि तिच्यात माझं वागणं फारसं चांगलं नाही.

त्या दिवशी रजा टाकून मी आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी रत्नाताईच्या दुकानात गेलो होतो. माझ्यापुढे चार जण होते. माझी पाळी यायला पावणेदहा झाले.

"मूळ कुठंय?"

मी फाईल पुढे केली. आधार, पासबुक, सगळी मूळ. यावेळी शहाणपणा केला होता.

"आई कुठंय?"

"आई भोरला. तिचे गुडघे दुखतात हो."

"भाऊसाहेब, हयातीचा दाखला माणसाचा असतोय, फायलीचा न्हवं. आईला आना. न्हाईतर म्या येते तुमच्या घरी रविवारी अंगठ्याचं मशीन घेऊन, चहा पाजा."

मी फाईल गुंडाळत होतो, तेवढ्यात दुकानातले तीन मोबाईल एकदम वाजले. पाठोपाठ टेम्पोवाला गोरख आत घुसला. गोरख म्हणजे गावचा हक्काचा धावणारा माणूस. कुणाची म्हैस अडली, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, पहिला टेम्पो त्याचा. त्याचे डोळे लाल झाले होते.

"रत्नाक्का, ह्याच्या धा झेरॉक्स काढा. रंगीत. समद्या दुकानांवर लावायच्यात."

त्याने मोबाईल काउंटरवर ठेवला. पडद्यावर घोंगडी पांघरलेला एक म्हातारा होता. दाढी वाढलेली, नजर सरळ पुढे. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं एक पोर, त्याचा एक पाय बाहेर लोंबत होता. खाली मजकूर होता: 'सावधान! पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. हा माणूस आज सकाळी विंझरजवळ दिसला. पोर बेशुद्ध आहे. विचारलं तर बोलत नाही. आपली मुलं सांभाळा. पुढे पाठवा.' त्याखाली दुसरा फोटो, चार माणसं जमिनीवर बसवलेली, हात बांधलेले: 'टोळीतले चौघे पकडले.'

ती घोंगडी मी ओळखली. तो म्हातारा ओळखला. त्याच्यामागचं वळण, वळणावरचं उंबराचं झाड, सगळं ओळखलं. तो फोटो मी काढला होता.

झालं होतं असं. पावणेनऊच्या सुमाराला विंझरच्या अलीकडे हा म्हातारा समोरून येताना दिसला. पोराचा पैंजण घातलेला पाय तसा लोंबताना बघून मी गाडी थांबवली. विचारलं, "बाबा, मुलीला बरं नाही का? दवाखान्यात सोडू?" तो बोलला नाही. पुन्हा विचारलं, "कुठले तुम्ही?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर काळजीपेक्षा मला रागच आला. मी गाडी थांबवून विचारतोय आणि हा उत्तर देत नाही! फोटो काढला आणि भोरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर टाकला: 'विंझरजवळ दिसले. विचारलं तर बोलत नाहीत. मुलगी आजारी वाटते. कोणी ओळखतं का?' एवढंच लिहिलं होतं.

आता दुकानात हे सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण गोरखच्या मागे बाहेर पाच-सहा जण जमले होते, त्यातला एक म्हणत होता, "दिसला की पाय मोडायचे." माझं तोंड मिटलं. मनात म्हटलं, मजकूर माझा नाही, आपण कशाला मध्ये पडा. मी फाईल पुन्हा उघडली आणि आईचं पासबुक वाचायला लागलो.

रत्नाताईने मशीनला हात लावला नाही. "मूळ कुठंय?" तिने गोरखला विचारलं.

"कसलं मूळ? फोटू हाय ह्यो!"

"फोटूला बी मूळ असतंय. तू काढलास?"

"न्हाई. धनाजीनं धाडला."

"धनाजीनं काढला?"

"मला काय ठावं! रत्नाक्का, हितं पोरं चोरीला चाललीत आन तुमी..."

"कुणाचं पोर चोरीला गेलंय? नाव सांग."

गोरखने काउंटरवरचा मोबाईल उचलला. मग म्हणाला, "नाव कळंल मागनं."

तिने चौघांचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागवला, गूगलवर टाकला आणि हाच फोटो आणखी कुठेकुठे आहे ते शोधलं. आम्ही सगळे तिच्या बोटाकडे बघत होतो. अर्ध्या मिनिटात तोच फोटो निघाला, चार वर्षांपूर्वीच्या बातमीत, भलत्याच राज्यातला. तिने पडदा गोरखपुढे धरला. "ही तुजी टोळी. चार वर्सं झाली हिला बसवून."

मला वाटलं, संपलं. पण बाहेरचा एक जण म्हणाला, "त्यो जुना असंल. पर म्हातारा तर आजचाच हाय ना? हे उंबराचं वळान हितलंच हाय."

हे मात्र खरं होतं. खोट्यात एवढं खरं मिसळलं की माणसं त्या खऱ्याला धरून बसतात. गोरखचा मोबाईल वाजला. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं, ते आम्हालाही ऐकू आलं. म्हातारा सापडला होता, ओढ्याच्या पुलाजवळ. लोकांनी अडवून धरला होता. गोरख वळला, टेम्पोत सात-आठ जण चढले आणि टेम्पो धुरळा उडवत गेला. एकाच्या हातात फावड्याचा दांडा होता.

रत्नाताईने आधी पोलीस ठाण्याला फोन लावला. गाडी निघते म्हणाले, पण वेल्ह्याहून पुलापर्यंत यायला अर्धा तास लागणार होता. मग तिने धनाजीला लावला. धनाजी दूधसंकलन करतो. तिने आवाज मोठा केला, म्हणजे आम्हाला सगळ्यांना ऐकू यावं.

"धनाजी, त्यो म्हाताऱ्याचा फोटू तू काढलास?"

"न्हाई वो वैनी. आमच्या आरतीनं धाडला. कालेजात असती ती भोरला. 'सावध राहा' म्हनून लिवलं व्हतं तिनं."

"आन टोळी? ती कुणी लिवली?"

"ती म्या लिवली. त्या चौघांचा फोटू सकाळीच आलता, म्हनलं तेच असत्याल. आन त्यो म्हाताऱ्याचा जरा कापला म्या. मागनं एक म्हातारी येत व्हती मधी, त्वांड नीट दिसाया पायजे ना."

रत्नाताई उभीच राहिली. "म्हातारी? कंची म्हातारी? न कापलेला धाड मला."

"पुसला की वो. मोबाईल भरलाय."

"मुडद्या!" ती एवढंच म्हणाली आणि आरतीला फोन लावला. आरती घाबरली, तिनेही फोटो पुसून टाकला होता. तिला तो फोटो शिकवणीच्या उपेंद्र सरांकडून आला होता. तिने नंबर दिला. उपेंद्र माझा वर्गमित्र. मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो. बाहेर पळून जावं असं मला वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण वाटलं ते वाटलं. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पुलावर काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे येत होतं, आणि तरी मी बोलत नव्हतो. एकदा गप्प बसलं की पुढच्या प्रत्येक मिनिटाला बोलणं जास्त अवघड होतं.

"हॅलो, उपेंद्र सर? विंझरहून बोलते, रत्ना ढेबे. म्हाताऱ्याचा एक फोटू तुमी आरतीला धाडला, त्यो कुणी काढलेला?"

"तो होय? तो आमच्या प्रद्युम्नने टाकला होता सकाळी ग्रुपवर. वेल्ह्याला असतो तो, कारकून आहे. का हो, काय झालं?"

तिने फोन बंद केला. बाकीचे एकेक करून पुलाकडे गेले होते, दुकानात आम्ही दोघंच उरलो होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या रागाची मला सवय आहे, पण ती ओरडली नाही.

"वीस मिनटं," ती म्हणाली. "वीस मिनटं म्या फोन लावतीया, आन तुमी हितं बसून आईचं पासबुक वाचताय."

"मी घाबरलो," मी म्हणालो. खरंही तेच होतं.

"मोबाईल काढा."

मी मूळ फोटो उघडून दिला. ती दोन बोटांनी तो मोठा करत गेली. म्हाताऱ्याच्या तोंडावर ती थांबलीच नाही. आधी पायांकडे गेली. पाय अनवाणी होते. मग मागे, कडेला, जिथे मी कधी बघितलंच नव्हतं तिथे. दहा-बारा पावलांवर एक म्हातारी होती. डोक्यावर दुरडी, दुरडीत नारळ आणि हिरवा खण. एका हातात पुरुषाच्या वहाणांचा जोड.

"अगं बाई," रत्नाताई म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "ह्यो अबोला हाय, भाऊसाहेब."

"म्हणजे?"

"आमच्या माहेरात बी करत्यात. पोर लई आजारी पडलं, हाती लागंना, की घरातला थोरला माणूस देवीला बोलतो. पोर उठलं तर अनवानी, न बोलता तुज्या पायावर आनून घालीन. घरातनं निगाल्यापास्नं पायरीला डोकं टेकस्तवर बोलायचं न्हाई. कुणी मारलं तरी. बोललं की नवस मोडला, आन पोराचं वंगाळ हुतंय, असं धरत्यात. वहाना मागनं घरच्या बाईनं आनायच्या. पुलाच्या पल्याड टेकाडावर वाघजाई हाय. त्यो तिकडं चाललाय." तिने काउंटरची फळी खाली आपटली. "म्हंजी आता त्येला किती बी इचारलं तरी त्यो बोलायचा न्हाई. आन ह्ये समजनार, चोर हाय म्हनूनच गप हाय. गाडी काढा!"

तिने गोरखला तीन वेळा फोन लावला. उचलला नाही. दुकान उघडंच टाकून ती माझ्या मागे बसली. मी गाडी एवढ्या जोरात कधी हाणली नव्हती.

पुलावर पंचवीस-तीस माणसं होती. एसटी मागे अडकून पडली होती, तिच्या खिडक्यांतून लोक मोबाईल बाहेर काढून चित्रीकरण करत होते. मधोमध म्हातारा रस्त्यावर उकिडवा बसला होता. त्याने पोराला छातीशी घेऊन दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं होतं, आणि एक जण ते घोंगडीसकट ओढत होता. म्हाताऱ्याच्या ओठातून रक्त येत होतं. ओठ घट्ट मिटलेले. म्हातारी कडेला अडवलेली. "आमची नात हाय, आमचीच नात हाय रं," असं ती ओरडत होती, आणि गोरख तिला म्हणत होता, "तू बी त्यातलीच!" नारळ रस्त्यावर फुटून पडला होता.

"बोल म्हन त्येला! नाव सांग म्हन!" कुणीतरी ओरडलं आणि फावड्याचा दांडा वर गेला.

रत्नाताई गर्दीत शिरली. दांड्याखाली जाऊन उभी राहिली आणि तिने माझ्याकडे बोट केलं. माझ्यासाठी ती बोलेल असं मला वाटलं होतं. ती बोलली नाही, नुसती थांबली.

"फोटो माझा आहे," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडलो, आवाज चिरका झाला. "फोटो मी काढलाय! मी! टोळी-बिळी काही नाही. मी फक्त विचारलं होतं, कोणी ओळखतं का म्हणून!"

दांडा तसाच वर राहिला, पण माना वळल्या. मी मोबाईल गोरखच्या तोंडापुढे धरला. त्याने फोटो बघितला. फोटोतली म्हातारी बघितली, मग समोरची बघितली. तीच दुरडी, तोच खण. समोरच्या म्हातारीच्या हातात वहाणा अजून होत्या. एवढ्या ओढाताणीत तिने त्या सोडल्या नव्हत्या.

"अबोला हाय त्यो," रत्नाताई आता बोलली. "नात तापातनं उठली म्हनून वाघजाईला घेऊन चाललाय. मारून बोलता करनार व्हता का रं त्येला?"

घोंगडी ओढणाऱ्याने हात सोडला. घोंगडी सरकली आणि आतून एक वाळकं, चार-पाच वर्षांचं तोंड बाहेर आलं. पोरीने इकडेतिकडे बघितलं आणि म्हाताऱ्याच्या ओठाला बोट लावलं. "आज्या, रगात," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली, तिला उचललं आणि उठला. तोल गेला तसा गोरखने हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो धरला नाही आणि झटकलाही नाही. तो चालायला लागला. लोकांनी वाट सोडली. गोरख धावत पुढच्या टपरीवर गेला, नारळ घेऊन आला आणि न बोलता म्हातारीच्या दुरडीत ठेवला. म्हातारीने तो उचलून कठड्यावर ठेवला आणि फुटलेल्या नारळाच्या भकला गोळा करून दुरडीत घातल्या.

आम्ही दोघं त्यांच्या मागे टेकाड चढलो. पोलिसांची गाडी तोवर पुलावर आली होती. वाघजाईचं ठाणं म्हणजे शेंदूर फासलेले दगड आणि वर पत्रा. बाजीने (त्याचं नाव बाजी, हे मला नंतर कळलं) पोरीला देवीपुढे घातलं, डोकं टेकवलं आणि तसाच बराच वेळ राहिला. मग त्याच्या तोंडून आवाज आला. रडण्याचा होता की बोलण्याचा, ते मला समजलं नाही. रत्नाताईने पदराने डोळे पुसले. तिला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

म्हातारीने, म्हणजे सोजराबाईने, नवऱ्यापुढे वहाणा ठेवल्या आणि ती सावलीला येऊन बसली. मी तिच्यापुढे हात जोडले. म्हणालो, "आजी, चूक झाली. ते वाईट लिहिणारा मी नव्हे, पण सुरुवात माझ्यापासून झाली. मी दोनदा विचारलं, बाबा बोलले नाहीत. तुम्ही मागे आहात हे मला दिसलंच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"इचारलं व्हतंत तुमी," ती म्हणाली. "आयकलं म्या. मागनं हाक बी मारली की तुमाला. 'थांबा वो दादा, म्या सांगते,' म्हनून. दोन डाव मारली. तुमी गाडी चालू केली आन माज्या शेजारनंच गेलात."

मी खाली बघितलं. तिची हाक मला ऐकू आली होती. कुणीतरी म्हातारी शेरडांना हाकारतेय, असं वाटलं होतं मला.